लुळें पाऊल

मनुष्याचें चालणें ही इतकी नित्याची गोष्ट आहे कीं, तींत कांहीं कौशल्य असेल असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. पाऊल पुढें टाकावयाचें म्हणजे तें अगोदर जमिनीवरून उचलावें लागतें, आणि पाय पुढें झुलत असतांना चवडा वर वळवून धरावा लागतो. या क्रियेंत एका क्षणीं बोटें व भुई यांच्यामध्यें जेमतेम एकदोन सेंटिमीटरांचें अंतर उरतें. एवढेंसें अंतर नाहींसें झालें कीं मनुष्य सतरंजीच्या कांठाला अडखळतो, उंबरठ्याला ठेचकाळतो, आणि 'वय झालें, दुसरें काय!' असें म्हणून घरचीं माणसें त्या गोष्टीची वासलात लावतात. परंतु या अडखळण्याच्या मुळाशीं पुष्कळदां वय नसून निराळेंच कारण असतें. पाऊल वर उचलणारे स्नायू काम करीनासे झालेले असतात. या अवस्थेला डॉक्टर लोक 'फूट ड्रॉप' म्हणतात. मराठींत तिला पाऊल लुळें पडणें असें म्हणतां येईल.

अशा रोग्याची चाल पाहिली कीं दोष ध्यानांत येतो. लोंबणारा चवडा भुईला घासूं नये म्हणून रोगी गुडघा नेहमींपेक्षां उंच उचलतो. गुडघाभर पाण्यांतून जाणारा मनुष्य उचलतो तसा. पाऊल टेकतांना आधीं टांच न टेकतां चवडा आपटतो व त्याचा आवाज होतो. एकाच जोड्याचें टोंक झिजूं लागतें. जिना चढतांना बोटें पायरीला लागतात. स्त्रियांच्या निऱ्या पायांत येतात, आणि कित्येकांची चप्पल वाटेंत निसटते तरी त्यांना तें कळत नाहीं. संशय आल्यास घरच्या घरीं एक सोपी परीक्षा करतां येते. रोग्याच्या शेजारीं आधारास कोणी उभें राहावें आणि त्याला नुसत्या टांचांवर चार पावलें चालावयास सांगावें. ज्या पायाचा चवडा वर राहत नाहीं तो पाय डॉक्टरांना दाखवावयास हवा.

येथें एक गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. ताप हा जसा स्वतः रोग नसून रोगाचें लक्षण असतो, तसेंच हें लुळेंपणहि आहे. दोष पावलांत दिसतो, पण पुष्कळ वेळां पाऊल निर्दोष असून दोष त्याच्यापासून फार दूर असतो. पाऊल उचलण्याचा हुकूम मेंदूंतून निघून पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंतून खालीं येतो. कंबरेच्या मणक्यांतून निघालेला जाड मज्जातंतु नितंबाच्या आंतून मांडीच्या मागच्या बाजूनें उतरतो आणि गुडघ्याच्या वर दुभागतो. त्याची एक शाखा पोटरीकडे जाते. दुसरी गुडघ्याच्या बाहेरच्या अंगानें, नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून पुढें येते. चवडा वर ओढणाऱ्या स्नायूंना ही दुसरी शाखा चालविते. वळसा घालतांना तिच्यावर मांसाचें पांघरूण जवळजवळ नसतें. खालीं हाड आणि वर कातडी. साऱ्या वाटेवर हीच तिची सर्वांत उघडी जागा होय.

म्हणूनच पुष्कळ रोग्यांचें कारण गुडघ्यापाशीं सांपडतें. खुर्चीवर बसून एका गुडघ्यावर दुसरा गुडघा तासन्तास चढवून ठेवण्याची संवय, उकिडवें बसून दिवसभर केलेली निंदणी किंवा कापणी, घट्ट बसलेलें प्लॅस्टर, दीर्घ आजारांत पाय बाहेरच्या अंगावर टाकून पडून राहणें, यांपैकीं कोणत्याहि कारणानें तो तंतु दाबला जातो. थोड्या दिवसांत वजन फार उतरलें तर तेथील उरलीसुरली चरबीहि जाते व धोका वाढतो. १९७१ सालीं एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकांत 'योग फूट ड्रॉप' या नांवाखालीं एका योगाभ्यासी विद्यार्थ्याची हकीकत प्रसिद्ध झाली होती. गुडघे मोडून टांचांवर फार वेळ बसत गेल्यानें त्याचे पाय लुळे पडले होते. आसन वाईट असा याचा अर्थ नव्हे. पायाला मुंग्या येऊं लागल्या असतांहि हट्टानें बसून राहणें मात्र वाईट. दाबानें आलेलें असें लुळेंपण, दाब वेळेवर काढल्यास, बहुधा कांहीं आठवड्यांत वा महिन्यांत निघून जातें.

दुसरें मोठें कारण कंबरेंत असतें. मणक्यांमधील चकती सरकून मज्जातंतूच्या मुळावर दाब आला म्हणजे कंबरेपासून पायापर्यंत कळ येते आणि चवडा दुबळा होतो. लहान व कृश मुलांना नितंबांत चुकीच्या जागीं इंजेक्शन दिल्यानेंहि मज्जातंतूला इजा होते. तान्ह्या बाळाची लस मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागांत टोंचतात त्याचें एक कारण हेंच. मधुमेहानें मज्जातंतु क्षीण होतात. कांहीं घराण्यांत हा दोष आनुवंशिक असतो. १८८६ सालीं शार्को, मारी व टूथ या तीन वैद्यांनीं वर्णिलेल्या विकारांत तरुणपणींच दोन्ही पावलें हळूंहळूं दुबळीं होतात. पक्षाघातांत तर हुकूम मेंदूंतूनच निघत नाहीं. पूर्वीं पोलिओनें हजारों मुलांचे पाय लुळे केले. भारतांतील शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजीं हावड्यास आढळला व २७ मार्च २०१४ रोजीं हा प्रदेश पोलिओमुक्त ठरला. परंतु त्या काळांत ज्यांचे पाय गेले, तीं माणसें आज आपल्यांतच वावरत आहेत.

आणखी एक कारण असें आहे कीं, सुशिक्षित घरांत त्याचा उच्चारहि कोणास रुचत नाहीं. तें म्हणजे कुष्ठरोग. या रोगाचे जंतु मज्जातंतूंवर हल्ला करतात, आणि गुडघ्याजवळची ही शाखा त्यांच्या तडाख्यांत पुष्कळदां येते. ती दोरीसारखी जाड होते व दाबल्यास दुखते. कधीं कधीं तर मुळींच न दुखतां आपलें काम सोडून देते. अंगावर एखादा बधिर, फिकट किंवा लालसर चट्टा असतो, पण तो झांकलेला राहतो. डिसेंबर २००५ मध्यें या रोगाचें प्रमाण देशभराच्या हिशेबानें दहा हजारांत एकाहून कमी झालें, म्हणून तो संपला अशी पुष्कळांची समजूत झाली. ती चुकीची आहे. नवे रोगी आजहि सांपडतात, आणि ते केवळ गरिबांच्याच वस्तींत असतात असें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८१ सालीं शिफारस केलेला अनेक औषधांचा एकत्र उपचार सरकारी आरोग्यकेंद्रांत विनामूल्य मिळतो. तो सुरूं झाल्यावर थोड्याच अवधींत रोग्यापासून दुसऱ्यास संसर्ग होण्याची भीति राहत नाहीं. मात्र गेलेली शक्ति परत आणण्याचा प्रश्न निराळा. पाऊल लुळें पडून सहा महिने झाले नसतील तर प्रेड्निसोलोनसारख्या औषधानें, डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, तें पुष्कळदां सावरतें. त्यानंतर ही आशा फार कमी होते. लोक काय म्हणतील या भीतीनें दडविलेले सहा महिने पुढें कोणत्याहि उपायानें परत मिळत नाहींत.

कांहीं प्रसंगीं तर महिने सोडाच, तासांचा हिशेब करावा लागतो. पाऊल लुळें पडण्याबरोबर तोंड वांकडें झालें, बोलणें अडखळूं लागलें किंवा त्याच बाजूचा हात ढिला पडला, तर तो पक्षाघात समजून तत्क्षणीं मोठें रुग्णालय गांठावें. मेंदूंतील गुठळी विरघळविण्याचें औषध साधारणतः साडेचार तासांच्या आंतच देतां येतें. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत होऊं लागली, अथवा बसण्याची जागा बधिर झाली, तर सकाळची वाट न पाहतां त्याच रात्रीं रुग्णालयांत जावें. प्लॅस्टरमधील पाय असह्य दुखूं लागून बोटें हलेनाशीं झाल्यासहि तसेंच करावें.

कारणाचा शोध व त्यावरील इलाज हें डॉक्टरांचें काम. विजेच्या यंत्रानें मज्जातंतूची तपासणी केल्यास तो कोठें व किती दुखावला आहे हें समजतें. इजेनंतर सुमारें तीन आठवड्यांनीं ही तपासणी अधिक स्पष्ट उत्तर देते. तुटलेला तंतु पुन्हां वाढूं लागला तरी त्याची गति दिवसाला सुमारें एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच. मांडींत दुखावलेला तंतु नडगीच्या स्नायूंपर्यंत पोंचावयास अनेक महिने घेतो. या दीर्घ प्रतीक्षेंत पाऊल नीट राखणें हें मात्र घरच्या माणसांचें काम आहे, आणि त्यांतच बहुधा हयगय होते.

पाऊल सतत खालीं लोंबत राहिलें तर टांचेमागची जाड कंडरा आंखडते. मग तंतु पूर्ववत् झाला तरी पाऊल वर येत नाहीं. यासाठीं पोटरीच्या मागून तळव्याखालीं जाणारा, पाऊल काटकोनांत धरणारा प्लॅस्टिकचा आधार मिळतो. डॉक्टर त्यास 'ए. एफ. ओ.' म्हणतात. तो मापाचा करून घ्यावा व जोड्यांत घालून चालावें. रात्रींसाठींहि निराळा आधार लागेल काय, हें विचारून घ्यावें. दिवसांतून दोनतीन वेळां जमिनीवर पाय लांब करून बसावें, चवड्याला पंचा अडकवावा आणि गुडघा सरळ ठेवून त्याचीं दोन्ही टोंकें आपल्याकडे ओढावीं; अर्धें मिनिट धरून सोडावें, असें दहा वेळां करावें. यास खर्च कांहींच नाहीं. नेम मात्र हवा.

पाऊल बधिर असेल तर दुसरी काळजी जखमेची. बधिर पायाला खडा टोंचला, आधाराची कड घासली, तरी वेदना होत नाहीं. म्हणून रोज रात्रीं तळवा उजेडांत पाहावा, आणि रोग्याला वांकतां येत नसेल तर दुसऱ्यानें पाहावा. पाय धुण्याचें ऊन पाणी आधीं हातानें अजमावावें. अंगठ्याच्या चपलेऐवजीं टांचेमागें पट्टा असलेली, मऊ तळाची चप्पल वापरावी. मोरी कोरडी ठेवावी, सुट्या सतरंज्या उचलाव्या, रात्रीं वाटेंत दिवा असूं द्यावा. काठी घ्यावयाची तर ती दुबळ्या पायाच्या उलट बाजूच्या हातांत धरावी. उजवें पाऊल लुळें असेल तर डॉक्टरांच्या संमतीवांचून मोटार चालवूं नये.

ज्या गोष्टी टाळावयाच्या त्यांचाहि उल्लेख केला पाहिजे. लुळ्या पायाला बिब्बा लावणें किंवा डागणें हे प्रकार अजून सर्वस्वीं गेलेले नाहींत. बिब्ब्यानें कातडीला फोड येतात, डागण्यानें जखम होते. तंतूला दोहोंचाहि काडीइतका उपयोग नाहीं. बधिर पायाला गरम पिशवीनें शेक देणें म्हणजे भाजण्यास आमंत्रण होय. हलक्या हातानें तेल लावल्यास अपाय नाहीं. परंतु रोज मालीश चालूं आहे म्हणून उपचार चालूं आहे असें समजणें, हा मोठा भ्रम आहे.

इतकें करूनहि सहा महिने ते वर्षभरांत शक्ति परत न आली तर सर्व संपलें असें मानूं नये. पाऊल आंत वळविणारा एक स्नायु नडगीच्या मागें असतो, आणि तो या विकारांत पुष्कळदां शाबूत राहतो. त्याची कंडरा पावलापासून सोडवून पुढच्या बाजूस आणून बसवितां येते. मग तोच स्नायु पाऊल वर उचलण्याचें काम करतो. असे स्नायु एका जागेहून दुसऱ्या जागीं वळविण्याची कला कुष्ठरोग्यांच्या उपयोगास आणण्यांत पॉल ब्रँड यांचा वांटा फार मोठा. त्यांचा जन्म १९१४ सालीं दक्षिणेंतील कोल्ली डोंगरांत झाला, आणि १९४६ पासून ते वेल्लोरच्या रुग्णालयांत काम करूं लागले. शस्त्रक्रियेनंतर कांहीं आठवडे प्लॅस्टर आणि पुढें चालण्याचें नवें शिक्षण, एवढें मात्र सोसावें लागतें. पक्षाघाताच्या कांहीं रोग्यांना निराळें साधन उपयोगी पडतें. पाय उचलतांच गुडघ्याजवळच्या तंतूला विजेचा सौम्य धक्का देऊन चवडा वर आणण्याची युक्ति लिबरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६१ सालीं प्रसिद्ध केली. तीवर आधारलेलीं यंत्रें आज मिळतात.

हे सारे उपाय असले तरी त्यांचें यश बहुधा एकाच गोष्टीवर ठरतें : दोष किती लवकर ओळखला गेला. रोगी स्वतः आपली चाल पाहूं शकत नाहीं. ती घरच्यांना दिसते. घरांतील एखादें माणूस अलीकडे एकाच पायानें अडखळूं लागलें असेल, त्याचा एकच जोडा पुढून झिजत असेल, तर त्याच्या वयाला किंवा वेंधळेपणाला बोल लावूं नये. त्याला टांचांवर चार पावलें चालवून पाहावें. आणि चवडा वर राहत नसेल तर त्याच आठवड्यांत डॉक्टरांकडे न्यावें.