पांढरा उजेड आणि मऊ स्फटिक



रात्री दुकानात दिव्याखाली पसंत केलेले लुगडे सकाळी अंगणात उलगडावे, तो रंग निराळाच! हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांच्या गाठी असेल. दोष दुकानदाराचा नव्हे, दिव्याचा. सूर्यप्रकाशात सगळे रंग सलग असतात. आजच्या एलईडी दिव्यात बहुधा मूळ उजेड निळा, त्यावर पिवळा उजेड देणाऱ्या लेपाची जोड. डोळ्याला तो पांढरा भासतो. पण तांबड्याची बाजू अनेकदा लंगडी पडते.

मग एकाच पदार्थाने सगळे रंग द्यावेत, असे होईल काय? २०१४ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात हेमामाला करुणादास, एमा डोनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे पदार्थ दाखविले. पेरोव्स्काइट हे मूळ नाव १८३९ साली उरल पर्वतातल्या एका खनिजाला मिळाले. त्याच धाटणीचे हे नवे स्फटिक: एक थर शिसे व ब्रोमिन यांचा, त्यावर एक सेंद्रिय रेणूंचा, म्हणून ते संकरित. त्यांच्यावर अतिनील किरण पाडले की पांढरा उजेड निघतो.

हे कसे घडते? किरणाने इलेक्ट्रॉन जागचा उठतो. कठीण स्फटिकात तो परतताना ठराविक रंगच देतो. हा स्फटिक मात्र गादीसारखा मऊ. बसणाऱ्याच्या भाराने गादीला खळगा पडावा, तसे भोवतालचे अणू सरकतात. काही शक्ती त्या खळग्यात खर्ची पडते, आणि अणू सतत थरथरत असल्यामुळे उरलेली दर वेळी कमीअधिक असते. म्हणूनच निळ्यापासून तांबड्यापर्यंत रंगांचा पट्टा उमटतो. थोड्या ब्रोमिनऐवजी क्लोरिन घातले, की उजेडाची छटा बदलते. अशा बदलाने रंग खरे दाखविण्याचा गुणांक शंभरांत ८२ वरून ८५ वर गेला.

पण आम्ही आपल्याला भुलविणार नाही. शोषलेल्या शंभर प्रकाशकणांमागे त्या पहिल्या पदार्थातून जेमतेम एक-दीड परत येई. त्याच वर्षीच्या दुसऱ्यातून नऊ. शिवाय शिसे विषारी. २०१८ साली चांदी, सोडियम, इंडियम यांच्या शिसेविरहित पेरोव्स्काइटाने ८६ पर्यंत मजल मारली. त्यात सेंद्रिय थर मात्र नव्हता, आणि खळग्याची युक्ती तीच होती.

दिव्याची परीक्षा केवळ त्याच्या लखलखाटावर करू नये. त्याच्या उजेडात लुगडे, भाजी आणि माणसाचा चेहरा कसा दिसतो, हेही पाहावे, एवढेच आमचे सांगणे.