बंदिवासांतील विद्यार्थी
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत दिलेलें व्याख्यान)



गत पन्नास वर्षांच्या कृपादानांबद्दल आज आपण परमेश्वराचे आभार मानीत आहोंत. या आनंदांत सुधारगृहाच्या भिंतीआड असलेल्या मुलांचें स्मरण व्हावें, एवढ्यासाठींच मी उभा आहें. ज्याच्या हातून अपराध घडला, तो मुलगा विद्येंत यश मिळवील कीं नाहीं, हें आधीं ओळखतां येतें काय?

अंदाज बांधण्याचे यत्न विद्वानांनीं केले आहेत. अमेरिकेंत अर्नेस्ट बर्जेस यांनीं १९२८ सालीं इलिनॉय राज्यांतील, पॅरोलवर सुटलेल्या ३,००० कैद्यांच्या नोंदी तपासून २१ लक्षणांची कसोटी केली. इंग्लंडांत मॅनहाइम व विल्किन्स यांनीं १९५५ सालीं बोर्स्टल संस्थांतील तरुणांविषयीं तसाच ग्रंथ प्रसिद्ध केला. पूर्वींचे गुन्हे, मद्यपान, आईबापांजवळ राहणें, एका कामावर टिकणें, अशीं तीं लक्षणें. परंतु हे अंदाज पुनः गुन्हा घडेल कीं काय याविषयीं होते, विद्येविषयीं नव्हते. शिवाय अशी कसोटी शंभरांचा हिशेब सांगते. एकाचें भवितव्य सांगत नाहीं.

हें मला चूक करून समजलें. कांहीं वर्षांपूर्वीं एका सुधारगृहांत मी दर शनिवारीं गणित शिकवावयास जात असें. दहावीसाठीं सतरा नंबरचा अर्ज कोणाकडून भरून घ्यावा, असें मला विचारण्यांत आलें. मीं तिघांचीं नांवें दिलीं, चौथ्याचें वगळलें. तीन वेळां चोरी, चौथीनंतर शाळा नाहीं, भेटीस कोणी येत नाहीं, असें त्याच्या कागदावर होतें, आणि मीं कागदच वाचला. चुकलेलें उदाहरण तो मुलगा पुढच्या शनिवारीं सुधारून, कोणी न सांगतां, माझ्यापुढें ठेवी. तें मीं पाहूनही पाहिलें नाहीं. पुढील वर्षीं तो परीक्षेस बसला व उत्तीर्ण झाला. माझ्या तिघांपैकीं एकानें सुटतांच पुस्तक टाकलें. माझ्या अंदाजापायीं त्या चौथ्याचें एक वर्ष मात्र वायां गेलें.

तेव्हांपासून मी तीनच गोष्टी पाहतों: मुलास वाचतां किती येतें, चूक सुधारावयास तो परत येतो काय, आणि बाहेर त्याची वाट पाहणारें कोणी आहे काय. पहिल्या दोन त्याच्यापाशीं आहेत, तिसरी आपल्यापाशीं.

संत जॉन बॉस्को यांस १८४१ सालीं गुरुदीक्षा मिळाली. संत जोसेफ कफासो यांनीं त्यांस तुरीनच्या तुरुंगांत नेलें. तेथें बारा ते अठरा वर्षांचीं मुलें त्यांनीं पाहिलीं. चांगले निश्चय करून सुटलेलीं मुलें थोड्याच दिवसांत परत येत, कारण बाहेर त्यांना कोणी मित्र नव्हता. म्हणून त्या संतानें मुलांसाठीं रविवारचे व रात्रीचे वर्ग चालविले. अमेरिकेंतील रँड संस्थेनें २०१३ सालीं अनेक अभ्यास एकत्र करून दाखविलें कीं, तुरुंगांत शिक्षण घेणाऱ्यांची पुनः तुरुंगांत येण्याची शक्यता इतरांहून ४३ टक्क्यांनीं कमी होती.

बंधुभगिनींनो, येत्या परीक्षेपूर्वीं एक मुलगा सुटणार आहे. त्यास अपराध विचारूं नका. आपल्या सभागृहांत त्यास सायंकाळीं दोन तास एक टेबल, एक दिवा व एक शिक्षक द्या. बंदिवासांत मला भेटलांत काय, असें प्रभु अखेरच्या दिवशीं विचारील. त्याच्या उत्तराची तयारी हीच आपल्या महोत्सवाची खरी भेट होवो. आमेन.