मी आले, मी आलो : नादेज्दा दुरोवाविषयी
(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



इतिहासातल्या शूर बायकांवर बोलायला सांगितलं की आपण झाशीच्या राणीपासून सुरुवात करतो. मी आज मुद्दाम लांबची, रशियातली एक बाई निवडली आहे. ती आपल्याला सोयीची नाही, आणि निवडण्याचं कारणही तेच.

नादेज्दा दुरोवा १७८३ साली जन्मली. वडील हुसार पलटणीत, म्हणजे हलक्या घोडदळात, अधिकारी होते. आईनं माहेरच्यांच्या मनाविरुद्ध पळून जाऊन लग्न केलेलं. मुलगा झाला तर वडिलांचा राग शांत होईल ही तिची आशा, आणि झाली मुलगी! दुरोवानं आठवणींत लिहिलंय की ती काही महिन्यांची असताना रडायची थांबेना, तेव्हा आईनं तिला धावत्या बग्गीच्या खिडकीतून बाहेर फेकलं. पलटणीतल्या स्वारांनी तिला उचललं. मग वडिलांनी तिला अस्ताखोव्ह नावाच्या एका स्वाराकडे सांभाळायला दिलं. तिची पहिली खेळणी म्हणजे खोगीर आणि पिस्तूल. पुढे कामा नदीकाठच्या सारापुल गावात आईनं तिला लेस विणायला बसवलं आणि बाईच्या जातीच्या नशिबात काय असतं ते रोज ऐकवलं. ‘नकोशी’ हे नाव ठेवलेल्या मुली आपण गावोगाव पाहिल्या आहेत, त्यामुळे या आईबद्दल तुम्हाला फार समजावून सांगायला नको.

१८०६ च्या सप्टेंबरमध्ये, एका रात्री, तिनं केस कापले, आपले कपडे नदीच्या काठावर टाकले म्हणजे लोकांना ती बुडाली असं वाटावं, आणि कोसॅकचा वेश करून वडिलांच्या अल्किद नावाच्या घोड्यावरून निघून गेली. पुरुषाचं नाव सांगून ती भालाईत घोडदळाच्या पलटणीत साधा शिपाई म्हणून भरती झाली. १८०७ मध्ये गुटश्टाट, हाइल्सबर्ग, फ्रीडलांड या लढायांत ती होती. गुटश्टाटला शत्रूच्या घेऱ्यात सापडलेल्या एका जखमी अधिकाऱ्याला तिनं आपला घोडा देऊन वाचवलं.

घरी लिहिलेल्या पत्रामुळे बिंग फुटलं. शोध थेट झार अलेक्सांद्र पहिला याच्यापर्यंत गेला. त्यानं तिला पीटर्सबर्गला बोलावलं. मानानं घरी पाठवावं असा त्याचा विचार होता. तिनं पाय धरले, घरी पाठवू नका म्हणाली. त्यानं तिला सेंट जॉर्ज क्रॉस दिला, हुसार पलटणीत अधिकारी केलं आणि स्वतःच्या नावावरून अलेक्सांद्रोव्ह हे आडनाव दिलं. १८१२ मध्ये ती स्मोलेन्स्क आणि बोरोदिनोला लढली. बोरोदिनोला तोफगोळ्याचा मार पायाला बसला. काही काळ सेनापती कुतुझोव्हच्या हाताखाली निरोप्याचं काम केलं. १८१६ मध्ये पेन्शन घेऊन निवृत्त झाली. साधारण दहा वर्षांची नोकरी.

गंमत अशी, की तिच्या लिखाणात पराक्रमापेक्षा झोप जास्त आहे. घोड्यावर बसल्या बसल्या लागणारी झोप, ओले बूट, उपाशी पोट. आपल्या हातून पहिल्यांदा रक्त सांडलं ते एका हंसाचं, भुकेपोटी, असं ती लाजून लिहिते.

१८३६ मध्ये पुश्किननं आपल्या ‘सोव्रेमेन्निक’ या नियतकालिकात तिच्या आठवणींचा भाग छापला, आणि वर तिचं खरं बाईचं नाव दिलं. ती चिडली. तिला अलेक्सांद्रोव्ह हेच नाव हवं होतं. त्याच वर्षी पुस्तक आलं, १९८८ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद झाला, आणि तोच मी वाचला.

मी भारावून गेले. मग तिच्या चरित्राविषयी वाचलं आणि अडखळले. पुस्तकात ती घर सोडते तेव्हा सोळा वर्षांची अल्लड मुलगी आहे. प्रत्यक्षात तेविशीची होती. १८०१ मध्ये तिचं चेर्नोव्ह नावाच्या एका सरकारी नोकराशी लग्न झालं होतं, १८०३ मध्ये इव्हान हा मुलगा झाला होता. नवरा सोडून ती माहेरी आली होती. यातलं एक अक्षर पुस्तकात नाही.

का लपवलं असेल? त्या काळी रशियात बायकोनं नवऱ्याबरोबर राहणं हा कायदा होता. त्याच्या परवानगीशिवाय तिला वेगळं राहण्याचा परवाना मिळत नसे. घटस्फोट चर्चच्या हातात, म्हणजे जवळजवळ अशक्य. पण मला दुसरंही वाटतं. अविवाहित मुलगी घोड्यावर बसून पळाली तर वाचकाला ती गोष्ट रम्य वाटते. तीन वर्षांचं मूल ठेवून बाई गेली की गोष्ट बदलते. आमच्या केंद्रात रात्री-अपरात्री घर सोडून बाई येते, तेव्हा पोलीस, सासरचे, कधी कधी आम्हीसुद्धा, पहिला प्रश्न काय विचारतो? मूल कुठंय? मारहाणीच्या खुणांकडे नंतर बघतो. दुरोवाला हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी माहीत होता. तिनं तो विचारायची सोयच ठेवली नाही.

ती आपली पूर्वज आहे का? मला शंका आहे. बायकांच्या जातीविषयी आपल्याला तिटकारा होता असं ती स्वच्छ लिहिते. तिला मोकळीक मिळाली ती झारच्या मेहेरबानीनं, एका सरदार घराण्यातल्या बाईला, एकटीला. भूदास शेतकऱ्याच्या लेकीसाठी झारनं कुणाला आडनाव दिलं नसतं. दुसऱ्या कुठल्या बाईसाठी दार उघडावं असं तिला वाटल्याचं मला तिच्या पुस्तकात दिसलं नाही.

आज काही अभ्यासक म्हणतात की तिला ‘ती’ म्हणणंच चूक, तो ट्रान्स पुरुष होता. हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. रशियन भाषेत आपल्यासारखंच आहे, भूतकाळातलं क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग सांगतं. मी आले, मी आलो. उतारवयात येलाबुगा गावी ती पुरुषी पोशाखात राहायची आणि ‘मी आलो’ असंच बोलायची. पुस्तकात मात्र निवेदन स्त्रीलिंगी ठेवलंय, आणि पलटणीतल्या संवादांत पुल्लिंगी. म्हणून पुस्तकावर बोलताना मी ‘ती’ म्हणते. येलाबुगातल्या म्हाताऱ्या अधिकाऱ्याला समोर बसून काय म्हटलं असतं? बहुतेक त्यानं सांगितलं असतं तेच.

तिथेच १८६६ मध्ये मृत्यू झाला, लष्करी इतमामात दफन झालं.

एक हकीकत सांगतात. इव्हान मोठा झाला, लग्न ठरलं, म्हणून त्यानं आशीर्वाद मागायला पत्र लिहिलं. सुरुवातीला ‘आई’ असं होतं. पत्र न वाचता टाकून दिलं गेलं. त्यानं दुसरं पत्र लिहिलं, अधिकारी अलेक्सांद्रोव्ह यांच्या नावे. त्याला उत्तर आलं, आशीर्वादासह.

आता गटचर्चा करू. तुमच्यापैकी कुणीतरी इव्हानच्या बाजूनं बोलावं अशी माझी विनंती आहे.