डबी त्यांची आणि आपली

(न्हावरे, ता. शिरूर इथल्या बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला आज व्हेपवर बोलायला सांगितलंय. पेनासारखी दिसणारी रंगीत नळी, आत बॅटरी आणि फळाच्या वासाचं निकोटीनचं पाणी. ओढायची, संपली की फेकायची. रांजणगावला कामावर जाणाऱ्या किंवा पुण्यात शिकणाऱ्या पोराच्या खिशात ती सापडली, तर हे काय आहे तेही आपल्याला कळायचं नाही. २०१९ च्या कायद्यानं तिचं उत्पादन, विक्री, आयात, जाहिरात सगळं देशात बंद केलं. तरी चोरून मिळते.

तिची बाजू घेणारे म्हणतात, सिगारेटपेक्षा ही बरी; तंबाखू जळत नाही, म्हणून डांबर छातीत जात नाही. वर्षानुवर्षं सिगारेट ओढणारा ती पुरती सोडून याच्यावर आला, तर त्यात तथ्य आहे. पण ज्यानं कधी बिडीही ओढली नाही, त्या सतरा वर्षांच्या पोराचा काय फायदा? त्याला नुसती तलफ लागते. ब्रिटनमध्ये व्हेप विकायला परवानगी आहे, पण फेकून द्यायच्या व्हेपची विक्री तिथंही १ जून २०२५ पासून बंद झाली. पोरं नादी लागली, आणि बॅटऱ्यांचा कचरा वेगळाच.

हे सगळं लिहून काढलं आणि माझ्या कनवटीची मिश्रीची डबी हाताला लागली. निकोटीन त्यातही तेच! तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, घरभर ठसका, मग कुटून हिरड्यांना चोळायची. मी शाळेत असताना दाढ दुखली म्हणून आईच्या डबीतून पहिली चिमूट घेतली. कुणी रागावलं नाही. भाऊ बिडी ओढताना सापडला तेव्हा मात्र त्याला मार बसला होता.

फायदे आपणही सांगतोच. पोट साफ होतं, दाढ थांबते. एक फायदा मात्र कुणी मोठ्यानं बोलत नाही: भूक मरते. पहाटे उसाच्या फडात जाणारी, घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणारी बाई दुपारपर्यंत मिश्रीवर काढते. निकोटीनानं भूक मरते, हे खरंच आहे. म्हणून नुसतं ‘सोडा’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. आधी तिच्या ताटात काय आहे ते बघा ना!

पण किंमतही ऐका. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. तंबाखू लावणाऱ्या-खाणाऱ्यांची, त्यांत बहुतेक मिश्रीवाल्याच, बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी भरली आणि काही दिवस आधी जन्मली. शिवाय तोंडाचा कॅन्सर आहेच.

राज्यात गुटखाबंदी २०१२ साली आली, व्हेपबंदी २०१९ साली. घरच्या तव्यावर बंदी कोण आणणार? मला ती नकोच आहे, चुलीपाशी पोलीस कशाला?

माझ्यापुरतं मी ठरवलंय, सकाळी रिकाम्या पोटी डबी उघडायची नाही, आधी भाकरी. दहा दिवस झाले, दोनदा मोडलं. ज्यांना सोडायचीच आहे त्यांच्यासाठी सरकारचा फुकट फोन आहे, १८००-११-२३५६. आणि ज्यांच्या घरी सून पोटुशी आहे, त्यांनी निदान तिच्यासमोर तवा ठेवू नका. तिला आधी जेवायला वाढा.