आधी नोंद, मग पोच

माहिती साठवणाऱ्या यंत्रणा आणि निरोप पोहोचवणाऱ्या यंत्रणा यांचा इतिहास बहुधा दोन वेगळ्या प्रकरणांत सांगितला जातो. एकात बँका, विमानकंपन्या, कारखाने. दुसऱ्यात ईमेल, चॅट, बाजारभावाच्या सूचना. महाविद्यालयांतही हे दोन विषय वेगळे, त्यांची पुस्तकेही वेगळी. आजच्या व्याख्यानाचा आग्रह असा, की या दोन्ही कथांचा गाभा एकच आहे. हाती आलेली गोष्ट आधी लिहून ठेवायची आणि मगच ती मिळाल्याचे कळवायचे, एवढीच ती शिस्त. ऐकायला साधी, पण यंत्रांकडून ती पाळून घेण्यासाठी फार मोठ्या बुद्धीची माणसे वर्षानुवर्षे खपली.

सुरुवात 1960च्या दशकातल्या अमेरिकेतून करावी लागते. चंद्रमोहिमेच्या सॅटर्न-5 रॉकेटचे सुटे भाग लाखोंच्या संख्येने होते. त्यांची यादी सांभाळण्याच्या गरजेतून आयबीएमने रॉकवेल आणि कॅटरपिलर या कंपन्यांच्या साथीने ‘आयएमएस’ ही प्रणाली उभी केली. 1968मध्ये ती चालू झाली. तिची रचना उतरंडीची. रॉकेटच्या पोटात टप्पा, टप्प्याच्या पोटात इंजिन, इंजिनाच्या पोटात झडप. वरून खाली जाणारा प्रश्न विचारला की उत्तर झटकन मिळे. ‘ही झडप कुठे कुठे बसवली आहे?’ असे उलट विचारले, की प्रोग्रामरची दमछाक होई. जनरल इलेक्ट्रिकमधल्या चार्ल्स बाखमन यांनी याच दशकात नोंदी एकमेकींना जोडणारी जाळ्यासारखी रचना तयार केली होती. तिच्यातही एका नोंदीवरून दुसरीवर कसे जायचे, ही वाट प्रोग्रामरलाच ठाऊक असावी लागे. 1973च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात बाखमन यांनी प्रोग्रामरला वाटाड्याची भूमिका दिली, ती याच अर्थाने.

एडगर कॉड यांना ही वाटाड्याची गरजच नकोशी वाटली. इंग्लंडमध्ये जन्मलेला, दुसऱ्या महायुद्धात विमान चालवलेला हा गणिती आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करत होता. जून 1970मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्यात त्यांनी सगळी माहिती साध्या तक्त्यांत मांडून दाखवली. काय हवे ते माणसाने सांगावे. ते कुठे ठेवले आहे आणि कोणत्या वाटेने आणायचे ते यंत्राने ठरवावे. आयएमएस चांगली विकली जात असल्याने खुद्द आयबीएमला या कल्पनेची घाई नव्हती. तरी सॅन होजेत ‘सिस्टिम आर’ हा प्रकल्प सुरू झाला, डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी 1974मध्ये प्रश्न विचारण्याची भाषा मांडली आणि तीच पुढे एसक्यूएल म्हणून जगभर गेली. बॉइस त्याच वर्षी अगदी तरुण वयात वारले. या भाषेवर उभे राहिलेले पहिले व्यापारी उत्पादन आयबीएमचे नव्हतेच. ते 1979मध्ये ओरॅकलने बाजारात आणले.

कॉड यांचे नाव सगळे घेतात, आणि ते योग्यच आहे. पण डेटाबेसवर आपण आज जो भरवसा टाकतो तो मुख्यतः दुसऱ्या एका शोधामुळे, आणि त्याला तेवढी प्रसिद्धी मिळाली नाही. तक्त्यातली एक ओळ बदलून झाली, दुसरी बदलायच्या आत वीज गेली, तर काय करायचे? एका खात्यातून पैसे वजा झाले आहेत, दुसऱ्यात जमा व्हायचे आहेत, आणि नेमके तेव्हाच यंत्र बंद पडले!

याचे उत्तर आपल्याकडच्या जुन्या पेढीवरच्या मुनिमाला लगेच पटले असते. त्याच्यापुढे दोन वह्या असत. घडेल तसा व्यवहार कालक्रमाने उतरवायची ती कीर्द. नंतर सवडीने खातेवार लावायची ती खतावणी. खतावणीचे पान खराब झाले तरी कीर्द शाबूत असेल तर ते पुन्हा मांडता येते. उलट, कीर्दीत न लिहिता थेट खतावणीत फिरवलेल्या आकड्याला आधार काय? डेटाबेसमध्ये कीर्दीच्या जागी ‘लॉग’ असतो आणि खतावणीच्या जागी तक्ते. नियम असा, की बदलाची नोंद लॉगमध्ये, म्हणजे डिस्कवर कायमची, उमटल्याखेरीज तक्त्याचे बदललेले पान डिस्कवर जाऊ द्यायचे नाही. आणि व्यवहार पुरा झाल्याची नोंद उमटल्याखेरीज समोरच्याला ‘झाले’ असे सांगायचे नाही. यंत्र पुन्हा चालू झाले की ते लॉग वाचते, पुरे झालेले व्यवहार तक्त्यात उतरवते, अर्धवट राहिलेले मागे घेते.

हे चार वाक्यांत सांगता येते, पण शेकडो माणसे एकाच वेळी त्याच तक्त्यांत बदल करत असताना ते बिनचूक करणे महाकठीण. सिस्टिम आरमधल्या जिम ग्रे यांनी व्यवहाराच्या या कल्पनेला शास्त्राचे रूप दिले. 1998चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना त्यासाठीच मिळाला. आयबीएममध्येच असलेले, मद्रासच्या आयआयटीत शिकलेले सी. मोहन आणि त्यांचे सहकारी यांनी 1992मध्ये ‘एरिज’ ही पद्धत तपशिलाने मांडली, आणि वीज गेल्यावर डेटाबेसने पुन्हा कसे उभे राहायचे याचा तो वस्तुपाठच ठरला. भारतातल्या आणि बाहेरच्याही विद्यार्थ्यांना हे सारे ज्या पाठ्यपुस्तकातून शिकायला मिळते, त्याच्या तीन लेखकांपैकी एक, एस. सुदर्शन, पवईच्या आयआयटीत शिकवत आले आहेत.

आता निरोपांकडे वळू.

1971मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज येथे, बीबीएन या कंपनीत, रे टॉमलिन्सन यांच्यापुढे दोन मोठे संगणक एकमेकांशेजारी उभे होते. दोघांना जोडणारा दुवा एकच, अर्पानेट हे संगणकांचे जाळे. एकाच संगणकाच्या वापरकर्त्यांनी परस्परांना निरोप ठेवण्याची सोय तेव्हा होतीच. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ती 1965पासून होती. टॉमलिन्सन यांनी तो निरोप जाळ्यावरून दुसऱ्या यंत्रावर पाठवला आणि माणसाचे नाव व यंत्राचे नाव यांच्या मध्ये @ हे चिन्ह घातले. लोकांच्या लक्षात राहिले ते चिन्ह. त्याहून मोलाची गोष्ट त्यांच्या पेटीच्या रचनेत आहे. ज्याची त्याची टपालपेटी म्हणजे एक साधी फाइल होती. तिच्या शेवटी कोणीही मजकूर जोडू शके, पण आधीचा मजकूर वाचण्याची किंवा पुसण्याची मुभा इतरांना नव्हती. शेवटी जोडायचे, मागचे फिरवायचे नाही. डेटाबेसवाल्यांचा लॉग याच तत्त्वावर चालतो, आणि दोन्हीकडची माणसे एकमेकांचे अनुकरण करत नव्हती. गरज सारखी होती म्हणून उत्तर सारखे आले.

1982मध्ये जॉन पोस्टेल यांनी ईमेलच्या वाहतुकीचे नियम, म्हणजे एसएमटीपी, लिहून काढले. पाठवणारा सर्व्हर मजकूर देतो, शेवटी एका ओळीत फक्त एक टिंब पाठवतो आणि थांबतो. घेणारा सर्व्हर 250 हा आकडा परत पाठवतो: मिळाले. या आकड्याचा अर्थ 1989च्या नियमावलीत फार गंभीरपणे सांगितलेला आहे. 250 पाठवणे म्हणजे निरोपाची जबाबदारी घेणे. नंतर यंत्र बंद पडले, ही निरोप हरवल्याची सबब चालणार नाही. म्हणजे 250 म्हणण्याआधी निरोप डिस्कवर उतरलेला हवा.

मग एक नवीच अडचण निघाली. घेणाऱ्याने निरोप उतरवून घेतला, पण 250 पाठवायला उशीर लावला. पाठवणाऱ्याने वाट पाहिली, निरोप पोहोचला नाही असे धरले आणि पुन्हा पाठवला. एकच पत्र दोनदा मिळाले. हा प्रकार इतका होई, की 1988मध्ये क्रेग पार्ट्रिज यांना केवळ या दुहेरी पत्रांवर एक टिपण काढावे लागले. त्यांचा उपाय असा: शेवटचे टिंब आले की घेणाऱ्याने पुढची कामे बाजूला ठेवावीत आणि आधी पोच द्यावी. उपाय चांगला आहे, पण त्याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. तो का होत नाही, याचे उत्तर ईमेलच्या नव्हे, डेटाबेसच्या साहित्यात सापडते.

जिम ग्रे यांनी 1978मध्ये लिहिलेल्या टिपणांत दोन सेनापतींचे कोडे आहे. दोघे दोन टेकड्यांवर, शत्रू मधल्या दरीत. दोघांनी एकदमच हल्ला केला तर विजय. एकट्याने केला तर नाश. निरोप न्यायचा तो दरीतूनच, आणि जासूद वाटेत पकडला जाऊ शकतो. पहिला कळवतो, ‘पहाटे हल्ला.’ दुसऱ्याची पोच आल्याशिवाय त्याला खात्री नाही. पोच पोहोचली की नाही, हे दुसऱ्याला माहीत नाही. त्याला पोचेची पोच हवी. हे कुठे संपायचे? ग्रे यांचा युक्तिवाद निर्दय आणि सुंदर आहे. अशी सर्वांत कमी निरोपांची यशस्वी देवाणघेवाण आहे असे समजा. तिच्यातला शेवटचा निरोप हरवला तरी योजना पार पडायला हवी, कारण तो हरवू शकतो. मग तो निरोप अनावश्यक होता आणि देवाणघेवाण त्याच्यावाचूनही पुरी झाली असती. म्हणजे ती सर्वांत कमी निरोपांची नव्हती. तेव्हा अशी देवाणघेवाण असूच शकत नाही. ज्या वाटेवर निरोप हरवू शकतो, तिच्यावरून दोन टोकांची पूर्ण खात्री कितीही हुशारीने मिळवता येत नाही. संगणकशास्त्रात इतके थोडक्यात इतके मोठे काही सांगणाऱ्या जागा थोड्या असतील. हेच ग्रे जानेवारी 2007मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून एकटेच बोटीने समुद्रात गेले आणि परतले नाहीत. उपग्रहांची छायाचित्रे चाळत हजारो लोकांनी शोध घेतला, पण ते सापडले नाहीत.

निरोपांच्या दुनियेत पुढची मोठी उडी वॉल स्ट्रीटवर झाली आणि तिच्यात मुंबईत वाढलेल्या विवेक रणदिवे यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या टेकनेक्रॉन कंपनीने 1980च्या दशकात ‘इन्फर्मेशन बस’ ही कल्पना शेअरबाजारात आणली. त्याआधी दलालाच्या टेबलावर वेगवेगळ्या ठिकाणच्या माहितीसाठी वेगवेगळे पडदे असत. रणदिवे यांच्या यंत्रणेत पाठवणाऱ्याला घेणाऱ्याचा पत्ता ठाऊक असण्याची गरज नाही. तो फक्त विषय सांगतो, आणि ज्याने त्या विषयाची मागणी नोंदवली असेल त्याला निरोप आपोआप मिळतो. या कामाची तांत्रिक बाजू ज्यांनी रचली ते डेल स्कीन मूळचे डेटाबेसचेच संशोधक. अनेक यंत्रांवर पसरलेला व्यवहार पुरा कसा करायचा, यावर त्यांनी 1980च्या दशकाच्या आरंभी काम केले होते.

दोन्ही प्रवाह उघडपणे एक झाले ते 2010च्या सुमारास, लिंक्डइनमध्ये. जे क्रेप्स, जुन राव आणि पुण्यात वाढलेल्या, पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजीत शिकलेल्या नेहा नारखेडे हे तिघे एका नेहमीच्या दुखण्याला कंटाळले होते. कोणी काय पाहिले, काय शोधले, कोणाशी जोडले गेले, या घडामोडींचा लोंढा कित्येक यंत्रणांना एकाच वेळी हवा होता. प्रचलित निरोप-यंत्रणा प्रत्येक निरोप कोणी वाचला याचा हिशेब स्वतः ठेवत आणि वाचून झाला की तो पुसून टाकत. एवढ्या लोंढ्यापुढे त्या टिकेनात.

तिघांनी डेटाबेसच्या आतला लॉग बाहेर काढला आणि त्यालाच निरोप-यंत्रणा बनवले. नाव ठेवले काफ्का; लिहिण्यासाठी बनवलेली यंत्रणा, म्हणून क्रेप्स यांना लेखकाचे नाव शोभेसे वाटले. निरोप आला की फाइलच्या शेवटी जोडायचा. कोणी वाचला म्हणून पुसायचा नाही; ठरलेली मुदत संपेपर्यंत, समजा सात दिवस, तो तिथेच राहील. आपण कुठवर वाचले तो क्रमांक वाचणाऱ्याने स्वतः सांभाळायचा. एखाद्या वाचणाऱ्या यंत्रणेत चूक सापडली, तर ती दुरुस्त करून मागच्या क्रमांकापासून पुन्हा वाचता येते. डिस्कवर इकडेतिकडे उड्या न मारता सलग लिहिणे खूप वेगाने होते, म्हणून सारे लिहून ठेवूनही काम रेंगाळत नाही. 2011मध्ये काफ्का सर्वांसाठी खुले झाले.

त्यात पाठवणाऱ्याला एक निवड दिलेली आहे, आणि या व्याख्यानाचा सारा विषय तिच्यात मावतो. पोच नकोच, एका यंत्राने लिहून घेतल्यावर हवी, की बरोबरीने चालणाऱ्या सगळ्या प्रतींवर लिहून झाल्यावर हवी? जितकी खात्री मागाल तितके थांबावे लागेल. 2017मध्ये नारखेडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पार्ट्रिज यांच्या दुहेरी पत्रांवरही उपाय आणला. पाठवणारा प्रत्येक निरोपाला अनुक्रमांक देतो. तोच अनुक्रमांक पुन्हा आला तर काफ्का दुसरी प्रत उतरवून घेत नाही. सेनापतींचे कोडे सुटले नाही. पण निरोप पुन्हा पाठवणे निर्धोक झाले, आणि कामापुरते तेवढे पुरते.

हे सगळे आज महाराष्ट्रातल्या भाजीच्या गाडीवरही चालू असते. मुंबईत मुख्यालय असलेल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने 2016मध्ये यूपीआय आणले. त्यात निरोप आणि नोंद एकमेकांत गुंतलेले आहेत. देणाऱ्याच्या बँकेला निरोप जातो, ती खात्यातून रक्कम वजा करून पोच देते. मग घेणाऱ्याच्या बँकेला निरोप जातो, ती जमा करते आणि पोच देते. ही दुसरी पोच वेळेत आली नाही, की मधल्या यंत्रणेची अवस्था टेकडीवरच्या सेनापतीची होते. रक्कम जमा झाली नसेल, किंवा झाली असेल आणि पोच वाटेत हरवली असेल. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2019मध्ये या अनिश्चिततेला मुदत घातली. माणसाने माणसाला पाठवलेली रक्कम वजा होऊन पुढे जमा झाली नाही, तर ती फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आली पाहिजे. दुकानदाराला पैसे मिळाल्याची पोच पोहोचली नसेल, तर पाच दिवसांत. त्याहून उशीर झाल्यास ग्राहकाला दिवसाला 100 रुपये भरपाई.

प्रत्येक व्यवहाराला 12 अंकी संदर्भ क्रमांक असतो. एकाच व्यवहाराचा निरोप यंत्रणांमध्ये पुन्हा फिरला, तर तो ओळखायचा आणि रक्कम दुसऱ्यांदा वजा होऊ द्यायची नाही, हे अशा क्रमांकांमुळे शक्य होते. मात्र पडद्यावर ‘प्रलंबित’ असे दिसल्यावर गडबडीने पुन्हा रक्कम टाकून पिन दिली, तर तो जुना निरोप राहत नाही. नव्या क्रमांकाचा नवा व्यवहार होतो आणि दोन्ही रकमा वजा होऊ शकतात. गाडीवरच्या माणसाला मिनिटभर थांबायला सांगावे, ॲपमध्ये आधीच्या व्यवहाराची स्थिती पाहावी, आणि तो क्रमांक टिपून ठेवावा. बँकेत तक्रार नेली की पहिल्यांदा तोच विचारतात.