महिन्याचं कार्ड, हंगामाचा पैसा



आज बोलायचंय क्रेडिट कार्डाबद्दल, आणि तेही अशा माणसाच्या, ज्याचं सिबिल बिघडलंय आणि तरी ज्याला मोठ्या लिमिटचं कार्ड हवंय. औशासारख्या गावात हे कुणाला लागू पडणार, असं वाटत असेल तर लातूर रस्त्यावरच्या एखाद्या मोबाईलच्या दुकानात थोडा वेळ बसून बघा. पोरगं हप्त्यावर फोन घ्यायला येतं. दुकानदार पॅन नंबर टाकतो आणि मान न उचलता सांगतो, "तुमचं होत नाही, सिबिल खाली आहे." पोराला नेमकं काय खाली आहे ते ठाऊक नसतं. कधीतरी टीव्हीचे शेवटचे दोन हप्ते राहून गेलेले असतात, किंवा मामाच्या ट्रॅक्टरला सही केलेली असते.

सिबिल ही कंपनी २००० साली निघाली. आज तिचं नाव ट्रान्सयुनियन सिबिल आहे, आणि तिच्याशिवाय एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा आणखी तीन कंपन्या हेच काम करतात. आपण मात्र चौघींना मिळून सिबिलच म्हणतो. बँका आणि फायनान्सवाले तुमच्या हप्त्यांची माहिती त्यांच्याकडे पाठवतात. ती आधी महिन्याला जायची, १ जानेवारी २०२५ पासून दर पंधरवड्याला जाऊ लागली. त्यातून ३०० ते ९०० मधला एक आकडा निघतो. साडेसातशेच्या वर असाल तर बँकेचा माणूस खुर्ची पुढे करतो. सहाशेच्या खाली असाल तर साहेब मीटिंगमध्ये असतात.

आता यात आपल्या भागाची एक अडचण आहे. औशाच्या बाजारात एखाद्या शेतकऱ्याचा शब्द इतका पक्का असतो की आडत्या त्याला पेरणीआधी उचल देतो, कागद न करता. सोयाबीनची रास झाली की तो माल त्याच आडतीवर घालतो, पट्टीतून उचल वळती होते, उरलेले पैसे तो घरी घेऊन जातो. किराणावाल्याची उधारी, खतवाल्याची उधारी, भिशीचे हप्ते, सगळं वेळेवर. यातलं एक अक्षर त्या चार कंपन्यांकडे जात नाही. तिकडे जातं ते फक्त बँकेचं आणि फायनान्सचं. म्हणजे उभा बाजार ज्याच्यावर विश्वास ठेवतो, तो माणूस यंत्राच्या लेखी एकतर कोरा असतो नाहीतर थकबाकीदार.

दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. क्रेडिट कार्ड म्हटलं की आपल्याकडे आधी किसान क्रेडिट कार्ड आठवतं. ते १९९८ साली आलं आणि ते बनवताना शेताचा विचार केलेला होता. पीककर्ज वर्षाचं असतं. आपल्या राज्यात तीन लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज शून्यावर येतं. थकलंच तर ते बुडीत खात्यात टाकायचं की नाही, हे बँक हंगामावर मोजते. सोयाबीन, मूग, उडीद अशा कमी मुदतीच्या पिकांना दोन हंगामांची मोकळीक आहे. पण दुकानात चालणारं, खासगी किंवा सरकारी बँकेचं जे क्रेडिट कार्ड, ते पगारदार माणसासाठी बेतलेलं आहे. त्याला ऑक्टोबरातली रास ठाऊक नाही. त्याला दर महिन्याची एक तारीख ठाऊक आहे. ती चुकली आणि वर तीन दिवस गेले की बँक तुम्हाला थकीत म्हणून कळवू शकते, दंड लावू शकते. नव्वद दिवस गेले की खातं बुडीत.

म्हणून ज्याचा मोठा पैसा वर्षातून एकदा येतो, त्यानं कार्डाचं लिमिट ठरवताना सोयाबीनकडे बघूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, आणि बाजारात त्याच्या किती खाली माल गेला ते तुम्ही पाहिलंय. २०२५ च्या सप्टेंबरात पावसानं मराठवाड्यात काय केलं तेही पाहिलंय. कार्ड फेडायचं ते दर महिन्याला नक्की हातात येणाऱ्या पैशातून. दर दहा दिवसांनी मिळणारा दुधाचा पगार, पिठाच्या गिरणीचं उत्पन्न, शिलाईचं, रिक्षाचं, घरात कुणी शिक्षक असेल तर त्याचा पगार. त्या पैशात जेवढं बसतं तेवढंच तुमचं खरं लिमिट. बँक लाखाचं देईल, तो तिचा धंदा आहे.

बरं, बिघडलेलं सिबिल सुधारायचं कसं? आधी रिपोर्ट बघा. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. त्यासाठी कुणाला पाचशे-हजार देण्याची गरज नाही. स्वतःचा रिपोर्ट स्वतः काढला म्हणून आकडा कमी होत नाही. रिपोर्टात प्रत्येक कर्जापुढे महिन्यामहिन्याच्या चौकटी असतात, छत्तीस महिन्यांच्या, आणि त्या महिन्यात किती दिवस थकलं ते तिथे लिहिलेलं असतं. फेडलेलं कर्ज अजून चालू दिसतंय का, आपलं नसलेलं कर्ज आपल्या नावावर आहे का, हे त्यात शोधा. एकाच गावात एका नावाचे, एका आडनावाचे पाच जण असतात, घोळ होतो. चूक दिसली तर त्या कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्या बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. ही तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे, पण ती मागणारे मला फार कमी भेटलेत.

जामीनदार मंडळींनी तर रिपोर्ट बघितलाच पाहिजे. आपल्याकडे भिडेपोटी सही होते. भाऊबंद म्हणतो, "आबा, नुसती सही तर पाहिजे." पण १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. भाऊबंदाचा हप्ता चुकला की डाग तुमच्या रिपोर्टातही पडतो. कित्येकांना ते पहिल्यांदा कळतं ते पोराच्या शैक्षणिक कर्जाच्या वेळी.

जुनी थकबाकी असेल तर ती मिटवल्याशिवाय नव्या कार्डाचा विचार नको. इथे एक मेख आहे. बँक कधी कधी एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव देते: ऐंशी हजार आहेत, पन्नास भरा, खातं बंद. हातात पैसा नसेल तर ते घ्यावंही लागतं. मात्र रिपोर्टात मग "पूर्ण फेडलं" असं येत नाही, "सेटल्ड" असं येतं, आणि ते बरीच वर्षं राहतं. जमत असेल तर उरलेले पैसे नंतर भरून बेबाकी प्रमाणपत्र घ्या आणि नोंद बदलायला लावा. कर्जमाफीचंही तसंच. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना असो की २०१९ ची महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना, खातं निरंक झालं तरी त्याआधी थकलेले महिने आपोआप पुसले जात नाहीत. पुढच्या माफीची वाट बघत मुद्दाम थकीत राहणाऱ्यांनी हा हिशेबही धरावा.

पीककर्जासाठी सिबिलची सक्ती करू नका, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना बजावलं. चांगलंच झालं. पण ते पीककर्जापुरतं. क्रेडिट कार्डाला असलं संरक्षण नाही, आणि माझ्या मते असायचं कारणही नाही.

आता कार्ड. सिबिल खाली असताना साधं कार्ड मागायला चार बँकांत अर्ज करू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टात नोंदली जाते, आणि लागोपाठच्या चौकशा म्हणजे माणूस पैशासाठी कासावीस झालाय, असा अर्थ निघतो. त्याऐवजी ठेवीवरचं कार्ड घ्या. बँकेत मुदत ठेव ठेवायची, तिच्या तारणावर बँक कार्ड देते. समजा २५,००० ची ठेव ठेवली आणि तिच्या ऐंशी टक्क्यांवर २०,००० चं लिमिट मिळालं. ठेवीवर व्याज चालू राहतं. बँकेला जोखीम नसल्यानं जुन्या आकड्याची ती फारशी चिकित्सा करत नाही. मात्र हे कार्डही सिबिलला कळवलं जातं, म्हणजे दर महिन्याला एक स्वच्छ चौकट जमा होते.

वीस हजारांचं लिमिट आहे म्हणून वीस हजार खर्चायचे नाहीत. लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत राहा असं सांगतात, म्हणजे इथे ६,०००. विजेचं बिल, फोनचा रिचार्ज, मोटारसायकलचं पेट्रोल, एवढं पुरे. आणि इथेच मोठ्या लिमिटचा खरा उपयोग कळतो. तेच ६,००० पन्नास हजारांच्या लिमिटवर खर्चले तर ते बारा टक्के होतात आणि आकडा वर सरकायला मदत होते. लिमिट वाढवायचं ते यासाठी. वर्षभर बिल पूर्ण भरत गेलात तर बँकेला लिमिट वाढवायला सांगा, किंवा सरळ ठेवीत भर घाला. एखाद्या महिन्यात लग्नकार्याचा खर्च कार्डावर झालाच, तर बिल निघायच्या तारखेआधीच काही रक्कम भरून टाका. सहसा बिलावरची बाकी कळवली जाते, त्यामुळे ती कमी दिसते.

रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येतं. आता बसस्टँडसमोरच्या चहालाही उधारीचा पैसा जाऊ शकतो, आणि दहा-वीस रुपयांचा खर्च कुणी मोजत नाही. ज्याचं सिबिल एकदा बिघडलंय त्यानं पहिलं वर्ष तरी ही जोडणी करू नये.

बिलावर एक किमान रक्कम छापलेली असते. समजा ४०,००० ची बाकी आहे, महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे १,४०० रुपये. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, २५२ रुपये. बँकेनं किमान म्हणून समजा २,००० मागितले आणि तुम्ही तेवढेच भरले, तर मुद्दल कमी झालं फक्त ३४८ रुपयांनी. शिवाय बाकी ओढत असाल तर नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर तसंच, वर काढण्याचं शुल्क वेगळं.

साडेतीन टक्के महिन्याला म्हणजे वर्षाला बेचाळीस. आपल्याकडे सावकाराला सगळे नावं ठेवतात, आणि बिनपरवाना सावकारानं या भागात केलेला छळ खराच आहे. पण २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर नऊ आणि विनातारण बारा टक्केच घेता येतात, इतरांकडून पंधरा आणि अठरा. कार्डाला अशी मर्यादा नाही. तीस टक्क्यांच्या वरचं व्याज अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबर २०२४ ला तो निर्णय रद्द केला. तेव्हा पूर्ण बिल भरता येणार नसेल तर कार्ड पेटीत ठेवा आणि सोनेतारण घ्या, बचत गटातून घ्या, ते स्वस्तच पडेल.

"सिबिल क्लिअर करून देतो" अशा जाहिराती तुम्ही वाचल्या असतील. खरी असलेली नोंद कुणालाही पुसता येत नाही. चुकीची नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. मधल्या माणसाला तुमचा आधार, पॅन आणि ओटीपी दिलात तर मात्र पुढच्या वर्षी तुमच्या रिपोर्टात एखादं नवंच कर्ज सापडेल.

शेवटचं. कार्ड नीट चाललं की बँकेतून फोन येतो, गोड आवाजात सांगतात की तुमचं लिमिट दीड लाख करतोय. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार तुमच्या स्पष्ट होकाराशिवाय लिमिट वाढवता येत नाही. दुधाच्या पगारात बसत नसेल तर नको म्हणा. नको म्हटल्यानं सिबिलचा आकडा कमी होत नाही. आणि कार्डच नको झालं तर सगळी बाकी भरून बंद करायचा अर्ज द्या. बँकेनं ते सात कामाच्या दिवसांत बंद करायचं आहे, उशीर केला तर दिवसाला पाचशे रुपये तुम्हाला द्यायचे आहेत. अर्जाची पोच तेवढी घेऊन ठेवा.