घरामागच्या गोठ्याची वीज

खेड्यातले घर एकदा बांधून पुरे होत नाही. मागे गोठा उभा राहतो, पाण्याची मोटर बसते आणि मुख्य पेटीतून एक तार काढून तिकडे नेली जाते. दिवा लागला की काम झाले असे समजतात. वास्तविक नियमांचा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

ही तार घरातील तारेपेक्षा बारीक असल्यास तिला साजेशी एमसीबी मुख्य पेटीतच, म्हणजे तार निघते त्या टोकाला बसवावी. गोठ्यात बसवलेली एमसीबी मधल्या तारेतील शॉर्ट-सर्किट थांबवू शकत नाही.

भारतीय विद्युत नियम, 1956 यांची जागा पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांनी घेतली. 2010 नंतर आता 2023 चे विनियम आहेत. एक दंडक मात्र टिकून आहे : न्यूट्रल तारेत फ्यूज किंवा एकेरी स्विच घालावयाचा नाही. केवळ न्यूट्रल तुटली तर दिवा विझतो, पण फेज जिवंतच राहते आणि वीज बंद आहे असे समजून हात घालणारा फसतो. यास्तव गोठ्याच्या दाराशी, कोरड्या जागी, दोन्ही तारा एकदम तोडणारा जोडस्विच असावा. जनावराला धक्का बसत असता घरापर्यंत धावण्यास अवधी नसतो.

फ्यूज किंवा एमसीबी तारेचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. येथेच पुष्कळांची गल्लत होते. समजा, मोटरीतील फेज तार तिच्या लोखंडी अंगाला लागली. डिचोली-सत्तरीकडील जांभ्याची जमीन उन्हाळ्यात वाळते. अर्थिंगचा रोध 20 ओहम भरला, तर 230 व्होल्टला प्रवाह होतो साडेअकरा अँपिअर. 16 अँपिअरची एमसीबी स्वस्थ बसते, आणि ओल्या फरशीवर उभ्या गाईपुढे मोटर जिवंतच राहते. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी मात्र तत्क्षणी पडते. घरगुती जोडणीसाठी विनियमांनी घातलेली कमाल मर्यादा हीच आहे.

गोठ्याच्या पेटीत न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र बांधू नये. बांधल्यास मुख्य पेटीतील आरसीसीबी वारंवार पडते आणि कंटाळून कोणीतरी ती काढूनच टाकतो. (असे प्रकार शहरातही कमी नाहीत.)

आरसीसीबीवरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. ती पडली नाही तर बदलावी. या बटणाने अर्थिंगची परीक्षा होत नाही. ती परवानाधारक तारतंत्र्याकडून, मापकाने, उन्हाळ्यात जमीन कोरडी असतानाच करून घ्यावी.